चौथ्या पानावरची चार पाणी

चंद्रशेखर बोडसने आयुष्यात कच्च्या मांसाला कधी बोट लावलेलं नव्हतं आणि फेरेट नावाचा प्राणी कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरीही २०१६ सालच्या सुमारास फेरेटला कच्चं मांस किती, कोणतं आणि कसं घालावं या विषयात इंटरनेटवरच्या फेरेटवाल्यांत त्याचा शब्द चालत होता. अशी माणसं आपल्यात निपजतात. पोहण्यावर तासभर व्याख्यान देतील आणि न्हाणीघरात पाय घसरून पडतील. तरी व्याख्यानाचा मान काही कमी होत नाही.

फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा, लांबुडका, निव्वळ मांसावर जगणारा प्राणी. परदेशात लोक तो मांजरासारखा घरात पाळतात. चंद्रशेखरची आणि त्याची गाठ पडली ती कादंबरीमुळे. कादंबरी ही त्याची एकुलती एक मुलगी. ती नऊ वर्षांची असताना तिला मांजर हवं होतं, आणि सिंगापुरात आंग मो किओ भागातल्या त्यांच्या सरकारी फ्लॅटमध्ये तेव्हा मांजर पाळायला बंदी होती. दुसरा बाप असता तर सरळ नाही म्हणाला असता, किंवा इमारतीखाली हिंडणाऱ्या मांजराला खाऊ घालायला पोरीला रोज खाली घेऊन गेला असता. चंद्रशेखरने एक्सेल उघडलं. अकरा प्राणी, सतरा निकष, प्रत्येक निकषाला वेगळं वजन. आवाज किती, वास किती, झोपतो किती तास, शी कुठे करतो. दोन महिने दर शनिवार-रविवार तो त्यावर बसून होता. पोरगी आधी रोज विचारायची, मग आठवड्याने विचारू लागली, मग विचारेनाशी झाली. शेवटी फेरेट पहिला आला. मग चंद्रशेखरने फेरेटच्या आहाराचा अभ्यास केला, त्याचा तक्ता केला, तक्त्याला चार रंग दिले, आणि सगळं झाल्यावर त्याला कळलं की सिंगापुरात फेरेट पाळायला परवानगीच नाही. सतरा निकषांत तेवढा एक राहून गेला होता.

"बाबा, यू नेव्हर चेक फर्स्ट मेह?" कादंबरीने तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"चेक करायचीही एक पद्धत असते," तो म्हणाला.

पद्धत हा त्याचा धर्म होता. पुण्याहून तो सिंगापुरात आला तो आंग मो किओतल्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत, क्वालिटी विभागात. सुरुवातीला त्याला यंत्रांजवळ उभं केलं होतं. तिथे त्याचा काही उपयोग नाही हे वर्षभरात सगळ्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथे तो फुलला. माल खराब निघाला की तो का निघाला याचा अहवाल तयार करणं हे त्याचं काम. अहवाल चौदा दिवसांनी द्यायचा आणि चौदा दिवस होईपर्यंत कारणाबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हा नियम त्यानेच बसवला होता. यंत्रावर काम करणाऱ्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत कारण दिसलेलं असायचं. पण तिचं म्हणणं चौदाव्या दिवसापर्यंत कागदावर येत नसे. त्या नियमाबद्दल एका वर्षी त्याला काचेची पाटी मिळाली होती. ती त्याने दिवाणखान्यात, देवांच्या फोटोंच्या जरा वरच्या बाजूला ठेवली होती.

तर पोरीला काहीच मिळालं नाही, पण तक्ता वाया घालवणं चंद्रशेखरच्या जिवावर आलं. त्याने तो फेरेट पाळणाऱ्यांच्या एका इंग्रजी संकेतस्थळावर चढवला. तक्त्यातला मजकूर तसा तिथलाच होता. दहा जणांनी दहा ठिकाणी लिहिलेलं त्याने एकत्र केलं होतं: ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, पाच टक्के कलेजी, पाच टक्के बाकीचे अवयव. पण इतकं रंगीत आणि रेखीव तिथे कुणी कधी केलं नव्हतं. सोमवारी कोंबडीची मान, मंगळवारी सशाचं मांस, गुरुवारी कलेजी सात ग्रॅम. प्राण्याचं वजन भरलं की ग्रॅम आपोआप बदलत. लोकांनी वाहवा केली. आपल्याकडे किती फेरेट आहेत असं कुणी विचारलं की चंद्रशेखर लिहायचा, "मी मुख्यतः नियोजनाच्या बाजूला असतो." हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते वाचून त्याचं स्वतःचंच समाधान व्हायचं.

त्या तक्त्यात त्याच्या पदरच्या गोष्टी दोनच. पहिली म्हणजे त्याने हृदय गाळलं. बाकी सगळे लोक हृदय आवर्जून घालायला सांगत होते. पण कलेजी, मूत्रपिंड वगैरे बिनदिक्कत लिहून तो हृदयाशी अडला. हृदय खायला घालणं त्याला बरं वाटेना. त्याने ती ओळ खोडली आणि कारणाच्या रकान्यात 'ऐच्छिक' असं लिहिलं.

दुसरी गोष्ट चौथ्या पानावर होती. तिथे 'पूर्वतयारी' या मथळ्याखाली त्याने लिहिलं होतं: मांसाचे एक सेंटिमीटरचे तुकडे करावेत. चार पाण्यांनी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत. नंतर अर्धा तास स्वच्छ पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं. हे त्याला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. लहानपणी आईला तांदूळ आणि डाळ धुताना त्याने पाहिलं होतं, स्वयंपाकघराचं त्याचं ज्ञान तिथे संपत होतं, आणि मांस तर डाळीपेक्षा कितीतरी घाण, तेव्हा त्याला चार पाणी हवीतच असा त्याचा हिशेब होता. खरं म्हणजे त्याला रक्त सोसत नव्हतं. ज्या प्राण्याला रक्तमांसच खायचं असतं त्याच्या ताटातलं रक्त या माणसाने आपल्या सोवळेपणापायी काढून टाकलं आणि त्याला स्वच्छता असं नाव दिलं. कॅनडातल्या एका बाईने एकदा विचारलंही होतं, इतकं धुवायचं कशाला? "हायजीन. पान चार पाहावे," एवढंच त्याने उत्तर दिलं. बाकीच्यांनी ते पान वाचलंच नाही. ती सगळी मांस खाणारी माणसं. मांसाचं काय करायचं हे त्यांना तक्त्याने सांगायची गरज नव्हती. त्यांनी ग्रॅम घेतले आणि चौथं पान सोडून दिलं.

सगळी पानं वाचणारी एकच होती. नीता.

नीता ही त्याची मामेबहीण. मेलबर्नला एका प्रयोगशाळेत कामाला होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती एकटीच राहायची, आणि एका प्राणिनिवाऱ्यातून तिने दोन फेरेट घरी आणले होते. गाण्याची आवड, म्हणून त्यांची नावं मल्हार आणि भूप. तीही जन्माची शाकाहारी. मांसाकडे बघवत नसे, पण या दोघांसाठी ती हातमोजे चढवून, नाकाला रुमाल बांधून ते करायची. दहावीत दादानेच तिचं गणित घेतलं होतं. एक पायरी गाळली तरी तो अख्खं गणित पुन्हा सोडवायला लावायचा. त्यामुळे दादाचा तक्ता हाती आला तेव्हा त्यातलं एक अक्षर गाळायचं तिच्या स्वप्नातही आलं नाही. तीन वर्षं तिने मांसाचे एक सेंटिमीटरचे तुकडे केले, चार पाण्यांनी धुतले, अर्धा तास भिजवले आणि पाणी टाकून दिलं.

२०१६च्या ऑगस्टमध्ये तिचं पत्र आलं. मल्हार सोफ्यावर चढताना धापा टाकतो, मागचे पाय ओढतो, टेबलाच्या पायावर आपटतो. डॉक्टरांनी तपासलं, हृदय मोठं झालंय म्हणाले. काय खायला घालता विचारलं म्हणून तिने तक्त्याचं पहिलं पान दाखवलं. प्रमाण तर चांगलं आहे, असं म्हणून त्यांनीही डोकं खाजवलं. भूपही हल्ली मंदावलाय. शेवटी तिने लिहिलं होतं, "दादा, माझंच कुठेतरी चुकत असणार. मी वजनकाटा नवीन घेतलाय. तू एकदा बघशील का?"

चंद्रशेखरने तक्ता छापून घेतला आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पसरला. तासाभराने सुरेखा खालच्या बाजारातून आली. सुरेखा म्हणजे त्याची बायको, माहेर मालवणचं. लग्नानंतर बोडसांच्या घरात मासा आणायचा नाही असं ठरलं होतं आणि ते तिने वीस वर्षं पाळलं होतं. दर रविवारी बाजाराला लागून असलेल्या, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बसून ती एक वाडगा माशाचं सूप प्यायची आणि मग भाजी घेऊन वर यायची. घरात एकटी तीच अशी, जिने आयुष्यात मटण कापलं होतं, कोंबडी साफ केली होती, आठ माणसांचं रांधलं होतं. तीन वर्षांत चंद्रशेखरने तिला या विषयात एक शब्द विचारला नव्हता. तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

भाजी ठेवायला जागा हवी म्हणून तिने कागद उचलले आणि उचलता उचलता वाचले.

"हे काय, चार पाणी कसली?"

"स्वच्छता," तो म्हणाला.

"अहो, मांस आहे ते. तांदूळ नाहीत. आमच्याकडे मटण एकदा धुतात, तेही कापायच्या आधी, भरभर. एवढाले बारीक तुकडे करून अर्धा तास पाण्यात ठेवले तर त्यात उरलं काय? चोथा. सगळा कस गेला मोरीत."

"तुला यातली शास्त्रीय माहिती आहे का?"

"शास्त्रीय नाही. मी खाल्लंय," असं म्हणून ती कोथिंबीर निवडायला बसली.

तो कागद घेऊन आतल्या खोलीत गेला आणि तिला चूक ठरवण्यासाठी शोधू लागला. दहा मिनिटांत सगळं समोर आलं. टॉरीन नावाचं एक द्रव्य मांसात असतं. ते पाण्यात विरघळतं. तुकडे जितके बारीक आणि भिजवणं जितकं जास्त, तितकं ते निघून जातं. मांसावर जगणाऱ्या अशा प्राण्यांना ते मिळालं नाही तर त्यांचं हृदय मोठं होतं, डोळे जातात. सगळ्यात जास्त ते असतं हृदयात. वेळेवर पावडर सुरू केली तर पुष्कळदा जनावर सावरतं.

तो खरोखर घाबरला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने फोन हातात घेतला, नीताचं नाव काढलं. मेलबर्नला दुपार झाली होती, सुट्टी होती, ती घरीच असणार. एक वाक्य बोलायचं होतं. धुऊ नकोस, डॉक्टरला पावडर विचार. त्या वाक्यात आपण चुकलो असं म्हणावंही लागलं नसतं.

पण ते वाक्य बोललं की ती का म्हणून विचारणार. मग चौथं पान निघणार. मग ते कुणी लिहिलं हे निघणार. ती कॅनडाची बाई, तीन वर्षं वाहवा करणारे ते सगळे लोक. सुरेखाला हे कोथिंबीर निवडता निवडता कळलं, हेही निघणार. चंद्रशेखरचा अंगठा फोनवर थांबला. आणि मग त्याला पद्धत आठवली. घाईने निष्कर्ष काढायचा नसतो. एका प्राण्यावरून काही सिद्ध होत नाही. आधी माहिती गोळा करायची. त्याचा जीव एकदम भांड्यात पडला, आणि त्याने फोन ठेवून लॅपटॉप उघडला.

त्याने नीताला सव्वीस प्रश्नांचा एक फॉर्म पाठवला. पाण्याचं तापमान किती. भांडं कशाचं. धुण्याची संख्या किती, आणि ती पाळली जाते का: नेहमी, कधीकधी, क्वचित. वर लिहिलं, 'प्रकरण क्रमांक एक, अहवालाची मुदत चौदा दिवस'.

नीताने सोमवारीच सव्वीसच्या सव्वीस उत्तरं पाठवली. चार पाणी, नेहमी. अर्धा तास, घड्याळ लावून. खाली लिहिलं होतं, "मल्हार कालपासून खात नाहीये. तुला काही लक्षात येतंय का?" त्याच्या लक्षात यायचं काही बाकी नव्हतं. तरीही त्याने तिचं उत्तर रकान्यात भरलं आणि 'पडताळणी चालू' असं लिहिलं. मंगळवार, बुधवार तो ऑफिसातून आल्यावर अहवालाला बसला. गुरुवारी त्याने एक पुरवणी प्रश्न पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. चंद्रशेखरने नोंद केली: 'वापरकर्त्याकडून प्रतिसाद प्रलंबित'. शनिवारी त्याने सदोष कृती आणि सदोष सूचना यांतला फरक दाखवणारी एक आकृती काढली. आकृती सुबक होती. तीत नीता उजवीकडे आली होती आणि तक्ता डावीकडे, आणि दोषाचे बाण उजवीकडे जात होते.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी चहा देताना सुरेखाने सहज विचारलं, "नीताच्या मल्हारचं कसं आहे? धुऊ नको म्हणून सांगितलंत ना तिला?"

"अहवाल होत आलाय."

"कसला अहवाल?"

त्याने अकरा पानं तिच्या हातात दिली. कुणीतरी वाचावं असं त्याला वाटत होतंच. सुरेखाने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. सातव्या पानावर टॉरीन होतं, पाण्यात विरघळणं होतं, पावडरीचं नाव आणि मात्रासुद्धा होती. नवव्या पानावर 'मूळ कारण' या शब्दांपुढे लिहिलं होतं: वापरकर्त्याकडून धुण्याच्या सूचनेचा अतिरेकी अवलंब, प्रशिक्षणाचा अभाव.

"हे सातवं पान तुम्हाला कधी कळलं?"

"प्राथमिक माहिती तशी लगेच मिळाली होती. पण पडताळणी..."

"आणि वापरकर्ता म्हणजे नीता?"

"ती तांत्रिक संज्ञा आहे."

सुरेखाला संताप आला आणि तिने तो लपवला नाही. "मामांच्या घरी राहून शिकलात तुम्ही," ती म्हणाली. "तिच्या आईच्या हातचं जेवलात पाच वर्षं. आणि तिच्यावर ढकलताय? लाज नाही वाटत?" असं म्हणत तिने स्वतःच्या फोनवरून नीताला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"वहिनी?" नीताचा आवाज आला.

"नीता, नीट ऐक. उद्यापासून मांस धुऊ नकोस आणि भिजवू तर मुळीच नकोस. त्यातलं सत्त्व पाण्याबरोबर जातंय, त्यानेच त्यांचं हृदय बिघडलंय. त्याची पावडर मिळते. आत्ता डॉक्टरला फोन कर, मी तुला नाव सांगते. दोघांनाही दे."



"एकच आहे आता," नीता म्हणाली. "भूप आहे. मल्हार गेला, गेल्या बुधवारी."

"अगं, कळवलं नाहीस?"

"काय कळवू वहिनी. दादाने एवढं करून दिलेलं, ग्रॅम न् ग्रॅम मोजून. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी झालं. कुठल्या तोंडाने सांगणार होते त्याला?" मग ती थांबली. "दादा आहे का तिथे?"

"समोर बसलेत."

"दादा, हे धुण्याचं तुला कधी कळलं?"

चंद्रशेखरला 'आज' असं म्हणता आलं असतं. आत्ताच कळलं, सुरेखाने सांगितलं, असंही म्हणता आलं असतं. पण सुरेखा अकरा पानं हातात धरून त्याच्याकडे पाहत उभी होती, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तारीख होती. तारीख घातल्याशिवाय तो काहीच लिहीत नसे.

"रविवारी," तो म्हणाला.

"परवाच्या?"

"नाही. त्याच्या आधीच्या."

नीताने तोंडातल्या तोंडात वार मोजले. ते या बाजूला ऐकू आले.

"म्हणजे मी ती सव्वीस उत्तरं पाठवली तेव्हा तुला माहीत होतं."

"नीता, त्याची एक पद्धत असते. निष्कर्ष काढण्यापूर्वी..."

"मंगळवारी तो काहीच खात नव्हता रे," नीता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. दहावीतली पोरगी आपली चूक कुठे झाली ते सांगते तशी ती सांगत होती. "मला वाटलं, मी नीट धुतलं नसेल, त्याला वास येत असेल. म्हणून त्या दिवशी मी पाचवं पाणी घेतलं."

सुरेखाने टेबलावरचा फोन उचलला, स्पीकर बंद केला, आणि भूपसाठी लागणाऱ्या पावडरीचं नाव नीताला एकेक अक्षर सुटं करून सांगायला लागली.